दुखायचा थांबलेला दात



दंतवैद्याकडे येणाऱ्या रोग्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते : ‘मध्यंतरी दात फार ठणकत होता, पण आपोआप राहिला, म्हणून आलो नाही.’ सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान असते. ऐकणाऱ्याला मात्र त्या दाताची पुढची हकीकत कळून चुकते. आज मी या एकाच वाक्याचा अर्थ उलगडून सांगणार आहे.

प्रथम दाताची रचना पाहू. दात म्हणजे हाडाचा भरीव तुकडा, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. बाहेर दंतवल्काचे कवच असते. आपल्या शरीरात त्याहून कठीण पदार्थ दुसरा नाही. त्याखाली दंतिनाचा पिवळसर, काहीसा मऊ थर. अगदी आत, एका लहानशा पोकळीत, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेला जिवंत मगज. कवचाला संवेदना मुळीच नाही. मगजाला ती विलक्षण आहे.

आता कीड. ‘कीड’ या शब्दामुळे दातात एखादी अळी बसली असावी, असे वाटते. ही कल्पना जगात पुष्कळ ठिकाणी होती. फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ सालच्या आपल्या ग्रंथात ती अमान्य केली. पुढे बर्लिनमध्ये संशोधन करणारे विलोबी मिलर यांनी १८९० साली खरा प्रकार मांडला. तोंडातले सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल कवच झिजवते. प्रत्येक गोड घासानंतर हा मारा साधारण अर्धा तास चालतो; मग लाळ हळूहळू डागडुजी करते. म्हणून साखर किती खाल्ली, यापेक्षा किती वेळा खाल्ली, याला महत्त्व अधिक. जेवणाबरोबर एक लाडू खाणाऱ्यापेक्षा दिवसभर गोड चहाचे घोट घेणाऱ्याचे दात अधिक धोक्यात असतात.

कीड कवचात असते तोवर काहीच दुखत नाही. ती दंतिनात उतरली की थंड किंवा गोड लागताच सणक येते. या वेळी आलात, तर किडलेला भाग कोरून जागा भरून टाकली की बहुधा काम भागते. ती मगजापर्यंत पोचली की मगज सुजतो. बोट सुजले तर कातडी ताणते. दाताच्या पोकळीच्या भिंती मात्र तसूभरही हलत नाहीत. सुजेला जागा नाही, म्हणून ठणका; आडवे झाल्यावर डोक्याकडे रक्त अधिक येते, म्हणून तो रात्री वाढतो.

आणि मग एके दिवशी दुखणे थांबते. का? मगज मेला म्हणून. ओरडणाराच गेला, चोर घरातच आहे. जंतू मुळाच्या टोकाशी पोचतात, तेथे पू धरतो, हाड पोखरले जाते आणि काही महिन्यांनी एका सकाळी गाल सुजलेला दिसतो. आता दात वाचवायचा तर मेलेला मगज काढून मुळातल्या नळ्या साफ करून भराव्या लागतात. यालाच ‘रूट कॅनाल’ म्हणतात. तेही शक्य नसेल, तर दात काढावा लागतो. लवंगेचे तेल घटकाभर आराम देते. दुकानातून आणलेल्या जंतुनाशक गोळ्यांनी कीड जात नाही. सुजेबरोबर ताप आला, गिळणे वा श्वास घेणे जड जाऊ लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हा पू जिवावर बेतू शकतो.

हिरड्यांचा रोग तर याहूनही मुका. दातांवर बसणारा जंतूंचा चिकट थर रोज निघाला नाही, तर त्याचे कठीण किटण बनते. हिरडीतून रक्त येऊ लागते. रक्त दिसताच लोक तेथे घासणे सोडतात आणि रोग वाढतो. ‘दात साफ करून घेतले की ते सैल होतात’, हीही अशीच एक समजूत. आधाराचे हाड आधीच गेलेले असते. किटणाने सावरलेला दात ते काढताच हलताना दिसतो, एवढेच. मधुमेह्यांनी व तंबाखू खाणाऱ्यांनी येथे विशेष जपावे. आपल्याकडे कित्येक भगिनी मशेरीने दात घासतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच; तिने दात राखले जात नाहीत, कर्करोगाला मात्र वाट मिळते. तोंडातला व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, तर तो दुखत नसला तरी दाखवावा.

मुलांविषयी एकच सूचना. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे एक नवी दाढ येते. कोणताही दात न पडता ती उगवते, म्हणून आईवडील तिला दुधाची समजतात आणि किडली तरी ‘पडेलच’ म्हणून सोडून देतात. ती कायमची असते. गेली की पुन्हा येत नाही.

उपाय साधे आहेत. फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन वेळा दात घासावेत, त्यातली एक वेळ झोपण्यापूर्वीची. आणि काही दुखत नसतानाही अधूनमधून दात दाखवावेत. दुखणारा दात आपल्याला दंतवैद्याकडे पाठवतोच. ज्यांचा दात दुखायचा थांबला आहे, त्यांनी मात्र उद्याच जावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.