शरीरांतील पहारेकरी आणि त्यांचें शिक्षण

भुसावळ हें रेल्वेचें गांव. मुंबईहून येणारा लोहमार्ग येथें दुभागतो; एक फांटा अकोल्यावरून नागपुरास जातो व दुसरा खंडव्यावरून इटारसीस. गांवांतील पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ पिढ्यान्‌पिढ्या रेल्वेवर चालत आल्यामुळें येथल्या शाळकरी मुलासहि एक गोष्ट सांगावी लागत नाहीं. गाडी सुखरूप पोहोंचते ती केवळ एंजिनाच्या जोरावर नव्हे. प्रत्येक डबा तपासलेला असतो, सिग्नल पाळला जातो आणि ब्रेक वेळेवर लागतो म्हणून. एंजिनाचा जोर दुप्पट करून ह्या तीन गोष्टींकडे दुर्लक्ष केलें तर काय होईल, हें सांगावयास नको.

शरीराच्या बाबतींत मात्र ह्याच शहाण्या कुटुंबांचा विचार निराळ्या रुळांवरून धांवतो. २०२० सालीं करोनाची साथ आली व जळगांव जिल्ह्यास तिची मोठी झळ लागली. तेव्हांपासून 'रोगप्रतिकारशक्ति वाढविणारीं' म्हणून विकलीं जाणारीं चूर्णें, अर्क, गोळ्या व काढे ह्यांनीं घरोघरच्या फडताळांत जागा पटकाविली आहे. पुण्यामुंबईकडील सुशिक्षित घरेंहि ह्याला अपवाद नाहींत. ही शक्ति म्हणजे तालमींत कमवावयाचें बळ आहे आणि तें जितकें अधिक तितकें बरें, अशी समजूत ह्या खरेदीच्या मुळाशीं असते. ती कितपत खरी आहे हें पाहावयाचें, तर ज्या पेशींच्या अंगीं ही शक्ति वसते त्यांपैकीं एका प्रमुख वर्गाचें चरित्र समजून घेतलें पाहिजे. ह्या वर्गास शास्त्रज्ञ टी पेशी म्हणतात.

आपल्या रक्तपेशींचें माहेर म्हणजे हाडांतील मज्जा. टी पेशींचे पूर्वज तेथेंच जन्मतात. परंतु त्यांचें शिक्षण तेथें होत नाहीं. कोंवळेपणींच ते रक्तावाटे निघून छातीच्या मध्यभागीं, उरोस्थीच्या मागें व हृदयाच्या किंचित्‌ वर असलेल्या एका मऊ ग्रंथींत येतात. तिचें पाश्चात्य नांव थायमस. त्याच्या आद्याक्षरावरूनच ह्या पेशींस 'टी' हें नांव पडलें. मराठी ग्रंथकारांनीं तिला 'यौवनलोपी ग्रंथि' असें समर्पक नांव दिलें आहे. कारण बालपणीं ती चांगली भरलेली असते आणि तारुण्यानंतर हळूहळू आक्रसून तिच्या जागीं चरबी येते. अशा ग्रंथीचा उपयोग तो काय, असें वैद्यकास फार काळ वाटत होतें. १९६१ सालीं लंडन येथें झाक मिलर ह्या तरुण संशोधकानें नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथि काढून पाहिली, तों तीं पिलें रोगांपुढें अगदीं निराधार झालीं. इतकेंच नव्हे, तर परक्या उंदराची कातडी त्यांस लाविली असतां तीहि त्यांचें शरीर झिडकारीना. निरुपयोगी म्हणून गणलेली ग्रंथि ही रक्षकांची पाठशाळा आहे, हें तेव्हां कळलें.

ह्या पाठशाळेची रीत मोठी विलक्षण आहे. प्रत्येक टी पेशीच्या अंगावर एकाच घाटाचे हजारों ग्राहक असतात. किल्ली जशी आपल्या कुलपास लागते, तसा हा ग्राहक ठरावीक आकाराच्या द्रव्यासच लागू पडतो. त्या परक्या द्रव्यास प्रतिजन म्हणतात. पुढें कोणता रोग येणार हें पाहून हा घाट ठरलेला नसतो. आनुवंशिक सूत्राचे निरनिराळे तुकडे यदृच्छेनें जोडून प्रत्येक पेशी आपला ग्राहक बनविते. त्यामुळें जो रोगजंतु खानदेशानें पूर्वीं कधीं पाहिला नाहीं, त्याशीं जुळणारी एखादी पेशी आपल्या शरीरांत आधींच वावरत असण्याचा संभव असतो. करोनाचा विषाणु नवा असूनहि बहुसंख्य रोगी त्यांतून उठले, त्याचें एक मोठें कारण हेंच होय.

परंतु यदृच्छेनें घडविलेल्या किल्ल्यांत आपल्याच घराचीं कुलपें उघडणाऱ्या किल्ल्याहि निघावयाच्याच. म्हणून पाठशाळेंत दोन परीक्षा घेतल्या जातात. शरीरांतील पेशी आपल्या पृष्ठभागावर ज्या तबकांत प्रतिजन मांडून दाखवितात, तें तबक विद्यार्थी पेशीस ओळखतां येतें कीं नाहीं, ही पहिली परीक्षा. जिला तें ओळखतां येत नाहीं ती पेशी तेथेंच मरते. दुसरी परीक्षा अधिक कठीण. ग्रंथींतील कांहीं शिक्षक-पेशी शरीराच्या इतर अवयवांचीं प्रथिनें थोडथोडीं तयार करून दाखवितात. स्वादुपिंडांतील इन्सुलिनहि त्यांत असतें. ह्या स्वकीय प्रथिनांस जी पेशी घट्ट पकडते, तिला बहुधा तेथेंच नाहींसें केलें जातें. शंभर विद्यार्थ्यांपैकीं पंचाण्णवांहून अधिक ह्या दोन परीक्षांत गारद होतात, आणि नापासांस पुन्हां बसण्याची सवलत नसते. निसर्गास केवळ संख्या वाढवावयाची असती, तर त्यानें एवढा संहार कशाला केला असता?

उत्तीर्ण झालेल्या पेशींच्या मुख्य शाखा दोन. एक सहायक पेशींची, जी इतर रक्षकांस चेतविते व दिशा दाखविते. दुसरी मारक पेशींची, जी रोगग्रस्त पेशीस स्वतः गांठून तिचा नाश करते.

आतां ह्या पेशी शत्रूस ओळखतात कशा तें पाहूं. टी पेशी बहुधा रोगजंतूस उघड्यावर ओळखीत नाहीं. विषाणु एखाद्या पेशींत शिरला म्हणजे त्याच्या प्रथिनांचे बारीक तुकडे होतात व ते वर सांगितलेल्या तबकांत बसून पेशीच्या पृष्ठभागावर येतात. टी पेशी तबक आणि तुकडा हीं दोन्हीं एकदम तपासते. तबक आपलें व वरचा पदार्थ परका, असें दिसलें म्हणजे त्या घरांत चोर शिरला आहे हें ती ताडते. हा दुहेरी तपास ऑस्ट्रेलियांत कॅनबेरा येथें पीटर डोहर्टी व रॉल्फ झिंकरनागेल ह्यांनीं १९७४ सालीं उजेडांत आणिला, व १९९६ सालीं त्यांस त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. ह्या तबकांची घडण माणसागणिक निराळी असते. परक्याचें मूत्रपिंड शरीर सहजासहजीं कां स्वीकारीत नाहीं, आणि मज्जारोपणाची वेळ आली असतां वैद्य आधीं सख्ख्या भावाबहिणींची चौकशी कां करितात, ह्याचें मर्म येथें आहे. सख्ख्या भावंडाशीं तबकें पूर्णपणें जुळण्याचा संभव चारांत एक असतो.

ओळख पटली म्हणजे लागलीच लढाई सुरू होते, असेंहि नाहीं. त्वचेंत, घशांत, फुप्फुसांत फांद्या फुटल्यासारख्या आकाराच्या कांहीं पेशी गस्त घालीत असतात. त्या रोगजंतूचे तुकडे घेऊन जवळच्या लसीकाग्रंथींत, म्हणजे आपण ज्यांस अवधाण म्हणतों त्या गांठींत, येतात. नव्या रोगजंतूशीं जुळणारी टी पेशी लाखांत एखादी. ती फिरत फिरत तेथें येते व तिची गांठ पडते. तरीहि तिला दोन खुणा मिळाव्या लागतात. तबकावरचा तुकडा ही पहिली खूण. संकट खरें आहे असें त्या गस्तवाल्या पेशीस आढळलें, तरच ती आणखी एका प्रथिनाच्या द्वारें दुसरी खूण देते. सिग्नल हिरवा झाला तरी गार्डानें हिरवें निशाण दाखविल्याखेरीज गाडी हलत नाहीं, हें भुसावळकरांस ठाऊकच आहे; ह्या गार्डास २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात एवढेंच. पहिली खूण मिळून दुसरी न मिळाल्यास टी पेशी नुसती थांबत नाहीं, ती निष्क्रियच होऊन बसते. दोन्ही मिळाल्या म्हणजे मात्र ती एकीच्या दोन, दोहोंच्या चार अशी वाढत जाऊन थोड्याच दिवसांत तिची हजारोंची सेना होते. मुलाचा घसा आला असतां जबड्याखालीं गांठ लागते ती बहुतेक वेळां ह्याच धामधुमीची. नव्या रोगाशीं पूर्ण तयारी होण्यास आठवडाभर लागतो तोहि ह्यामुळेंच. काम झाल्यावर बहुतेक सेना विसर्जित होते व थोड्या अनुभवी पेशी आठवण म्हणून मागें राहतात. तोच रोगजंतु पुन्हां आला तर त्या फार त्वरेनें उठतात.

ह्या सेनेस आवरणारीहि एक व्यवस्था आहे. पाठशाळेंतून निसटलेल्या उनाड पेशींस ताळ्यावर ठेवणाऱ्या नियामक टी पेशी जपानी संशोधक शिमोन साकागुची ह्यांनीं १९९५ सालीं दाखवून दिल्या. मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांसह त्यांस २०२५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. हा बंदोबस्त ढिला पडला म्हणजे काय होतें? टी पेशी स्वादुपिंडांतील इन्सुलिन करणाऱ्या पेशींवरच तुटून पडतात आणि हंसत्याखेळत्या मुलास पहिल्या प्रकारचा मधुमेह जडतो. अशा वेळीं 'आईनें फार गोड खाऊं घातलें' म्हणून घरांतील वडील मंडळी त्या माउलीस बोल लावतात, हें आमच्या पाहण्यांत आहे. त्या बिचारीचा ह्यांत कांहींएक दोष नसतो. उलट पक्षीं, एचआयव्ही हा विषाणु सहायक टी पेशींचाच संहार करितो. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत त्या सुमारें ५०० ते १५०० असतात. त्या २०० च्या खालीं गेल्या म्हणजे एरवीं निरुपद्रवी असलेले जंतुहि प्राणघातक ठरतात. योग्य औषधें नियमानें घेतल्यास ही संख्या पुष्कळ अंशीं सांवरतां येते, हेंहि येथें सांगितलें पाहिजे.

टी पेशींचा जोर खरोखर वाढविणारीं औषधें नाहींत असें नाहीं. त्यांच्या अंगचे ब्रेक जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो ह्यांनीं उलगडून दाखविले, आणि २०१८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. हे ब्रेक सोडविणारीं औषधें कांहीं कर्करोगांत जीवदान देतात. परंतु त्यांच्या योगें आंतडीं, फुप्फुसें व गळ्यांतील ग्रंथि ह्यांवर स्वतःच्याच टी पेशींचा हल्ला होऊं शकतो, म्हणून तीं तज्ज्ञांच्या देखरेखीखालींच द्यावीं लागतात. 'शक्ति वाढविणें' ह्या शब्दांचा खरा अर्थ हा असा आहे. बाजारांतील बाटली एवढें करीत असती, तर ती बिनचिठ्ठीची विकूं दिली नसती. आणि करीत नसेल, तर तिच्यावर पैसे कां खर्चावे?

ह्या पेशींस वळण लावून केवढें काम करून घेतां येतें, ह्याचें उदाहरण आपल्याच प्रांतांत घडलें आहे. भुसावळाहून मुंबई सुमारें ४४० किलोमीटर. कर्करोगाचा रोगी घेऊन खानदेशांतील किती तरी कुटुंबें ह्या वाटेनें टाटा रुग्णालय गांठतात. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संस्थेंत, पवईच्या आयआयटींतील डॉ. राहुल पुरवार व त्यांचे सहकारी ह्यांच्या साहाय्यानें, २०२१ च्या जूनमध्यें भारतांत सिद्ध झालेला कार-टी उपचार पहिल्यानें देण्यांत आला. रोग्याच्याच रक्तांतून टी पेशी काढावयाच्या; कर्कग्रस्त बी पेशींवरील सीडी १९ हें प्रथिन तबकावांचून ओळखील असा नवा ग्राहक त्यांस द्यावयाचा; दुसरी खूणहि त्या ग्राहकांतच जोडावयाची; आणि त्या परत रोग्याच्या शरीरांत सोडावयाच्या. ह्या 'नेक्सकार १९' उपचारास २०२३ च्या ऑक्टोबरांत सरकारी मान्यता मिळाली व ४ एप्रिल २०२४ रोजीं राष्ट्रपति द्रौपदी मुर्मू ह्यांच्या हस्तें त्याचा शुभारंभ झाला. इतर उपचारांस दाद न देणाऱ्या रक्तकर्कांच्या रोग्यांवर केलेल्या चांचणींत सुमारें ७३ टक्क्यांस गुण आल्याचें २०२५ सालीं प्रसिद्ध झालें. परदेशांतील खर्चाच्या सुमारें दहाव्या हिश्श्यांत तो होतो. तरी मध्यम स्थितींतील कुटुंबास तो अजून जडच आहे. शिवाय चेतलेल्या पेशींमुळें भयंकर ताप येऊन रक्तदाब उतरण्याचा धोका येथेंहि असतोच.

मग गृहिणीनें करावें तरी काय? पहिली गोष्ट, लस. रोग न होऊं देतां टी पेशींस शत्रूची ओळख करून देणारी विद्या ती हीच. कित्येक लशींत ॲल्युमिनियमचे क्षार घालतात ते दुसरी खूण मिळावी म्हणूनच. जन्मतांच दिलेली बीसीजी लस तान्ह्या बाळास मेंदूच्या क्षयापासून पुष्कळ अंशीं वांचविते. पुढें कांहीं आठवड्यांनीं दंडावर फोड येऊन वण राहतो, तेव्हां घाबरून लेप लावूं नये. ती पेशींची जागृति आहे. दुसरी गोष्ट, पुरेसें अन्न. कुपोषित मुलाची यौवनलोपी ग्रंथि अकालींच सुकते. डाळ, दूध, शेंगदाणे ह्यांत जें आहे तें कोणत्याहि अर्कांत नाहीं. तिसरी, पुरेशी झोंप. सुंठीचा काढा घशास बरा वाटतो म्हणून जरूर घ्यावा. पण त्याच्या भरंवशावर लशीची तारीख चुकवूं नये.

जी व्यवस्था शंभरांतील पांचांनाच बाहेर सोडते, दोन खुणा मिळाल्याखेरीज हलत नाहीं आणि काम झालें कीं सेना मोडते, तिची थोरवी तिच्या बळांत जितकी आहे त्याहून अधिक तिच्या विवेकांत आहे. आमच्या वाचकांनीं पुढील महिन्याची किराणाची यादी करण्यापूर्वीं मुलांचें लसीकरणाचें कार्ड एकदां काढून पाहावें. एखादी तारीख राहून गेली असेल, तर बाटलीचे पैसे वांचवून प्रथम तेवढें काम करावें.