‘चीट’ : एका शब्दाचा अर्थप्रवास

फसवणुकीसाठी इंग्रजीत सर्रास योजल्या जाणाऱ्या ‘चीट’ ह्या शब्दाचे मूळ लबाडीत नसून जमीनविषयक कायद्यात आहे. ‘वाट्यास येणे’ ह्या अर्थाच्या जुन्या फ्रेंच क्रियापदापासून ‘एस्चीट’ ही संज्ञा निघाली. जमीनधारक निर्वारस मेला म्हणजे त्याची जमीन राजाकडे वा सरंजामदाराकडे परत जाई. ह्या प्राप्तीचे ते नाव. राजाच्या वतीने अशा जमिनी ताब्यात घेणारा अधिकारी म्हणजे ‘एस्चीटर’. हे अधिकारी कायद्याच्या नावाखाली लोकांच्या जमिनी बळकावतात, अशी त्यांची अपकीर्ती होती. शब्दाचा आद्य अवयव गळून ‘चीट’ उरला आणि हक्काची प्राप्ती लबाडीची प्राप्ती ठरली. शेक्सपिअरने ‘द मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’ ह्या नाटकात ‘चीटर’वर ह्या दोन्ही अर्थांचा श्लेष साधला आहे.

आज ह्या शब्दाचे अर्थ अनेक दिसतात. माणसाला पैशास ‘चीट’ करतात, तेथे फसलेली व्यक्ती व गेलेली वस्तू दोन्ही स्पष्ट असतात. मृत्यूला ‘चीट’ करणारा मात्र कोणाशीही खोटे बोलत नाही; मृत्यूच्या वाट्याचे त्याला मिळू देत नाही, इतकेच. खेळात वा परीक्षेत कर्म लोपते आणि नियमभंग तेवढा उरतो. ‘ऑन’ हे शब्दयोगी अव्यय जोडताच अर्थ दाम्पत्यनिष्ठेच्या भंगाकडे वळतो. ह्या सर्वांत असत्य भाषण समान नाही. ज्याचे जे देणे, ते त्याला नाकारणे हे समान आहे. वाट्याची मूळ कल्पना अशी आजही टिकून आहे.

मराठीत ह्या अर्थांना एकच शब्द नाही. मृत्यूला हुलकावणी देतात, खेळात रडीचा डाव खेळतात, परीक्षेत कॉपी करतात, जोडीदाराची प्रतारणा करतात. १८६०च्या भारतीय दंड संहितेतील कलम ४१५च्या ‘चीटिंग’ला कायद्याच्या मराठीत ‘ठकवणूक’ म्हणतात. तिच्या ४२०व्या कलमाने ‘चारशेवीस’ हे विशेषण दिले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ तिच्या जागी आले, तरी विशेषण राहिले. परीक्षांसाठी मात्र महाराष्ट्राच्या १९८२च्या अधिनियमात ‘गैरप्रकार’ हा निराळा शब्द आहे. म्हणून कॉपीविषयीच्या इंग्रजी अहवालातील ‘चीटिंग’चे भाषांतर ‘ठकवणूक’ असे केल्यास केवळ शब्द चुकत नाही, विद्यार्थ्यावरील आरोपच बदलतो. भाषांतरकाराने येथे शब्दाआधी त्याचे कर्म पाहिले पाहिजे.