संवादी वस्तूंचा अभिकल्प
वापरणाऱ्याच्या कृतीला प्रकाश, ध्वनी, हालचाल वा अक्षरे यांच्या द्वारा प्रतिसाद देणाऱ्या वस्तूंची योजनापूर्वक घडण. तांब्याचा किंवा खुर्चीचा डौल पाहताक्षणी पुष्कळसा उमगतो. संवादी वस्तूचे सौंदर्य मात्र कृती व प्रतिसाद यांच्या लयीत असते आणि ते हाताळल्याखेरीज प्रत्ययास येत नाही. साहजिकच केवळ रेखाटनावर भिस्त ठेवणारी पद्धती येथे अपुरी पडते.

यावर उपाय म्हणून नाट्याचा आश्रय घेतला जातो. यंत्र तयार होण्यापूर्वीच त्याचा कागदी नमुना करतात. एक जण कागदी कळा दाबतो व दुसरा यंत्राची भूमिका घेऊन कागद बदलत जातो. प्रतिसादाला झालेला विलंब किंवा त्यातील संदिग्धता तेव्हाच लक्षात येते. विल्यम गेव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये वेगळाच मार्ग मांडला : नॉर्वे, नेदर्लंड्स व इटली येथील वृद्धांना त्यांनी पोस्टकार्डे, नकाशे व कॅमेरे दिले आणि परत आलेल्या नोंदींतून मोजमाप न करता प्रेरणा घेतली.

भारतात या विषयाचे एक प्रमुख केंद्र मुंबईच्या उपनगरात, पवईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आहे. तेथील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर १९६९ मध्ये स्थापन झाले. त्याच्या उभारणीत प्रमुख वाटा असलेले सुधाकर नाडकर्णी यांचे शिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत व जर्मनीतील उल्म येथे झाले होते.

इलेक्ट्रॉनिक मतदानयंत्राच्या बाह्यरूपाचा अभिकल्प या केंद्रातील ए. जी. राव व रवी पूवय्या यांचा आहे. छापील मतपत्रिकेवरील नाव व चिन्ह यांची उभी मांडणी त्यात कायम असल्याने निरक्षर मतदारालाही चिन्ह ओळखून शेजारची कळ दाबता येते. लगोलग तांबडा दिवा लागतो व दीर्घ ध्वनी होतो. मत नोंदले गेल्याची मतदाराची खात्री याच दोन खुणांवर विसंबून होती. त्यांना शोभेची जोड समजणे चूक ठरेल. २०१३ पासून जोडल्या जाऊ लागलेल्या पडताळणी-यंत्रात मताची चिठ्ठी सात सेकंद दिसते. दिवा व ध्वनी यांनी सर्वांचे समाधान झाले नव्हते, हेच यावरून दिसते.

अनिरुद्ध जोशी व सहकारी यांचा ‘स्वरचक्र’ हा भ्रमणध्वनीवरील कळफलकही याच केंद्रातला. व्यंजनावर बोट ठेवताच त्याभोवती बाराखडीचे चक्र उमटते व हव्या स्वराकडे बोट सरकविले की अक्षर तयार होते. शाळेत घोकलेली बाराखडी येथे बोटाच्या एका हालचालीत उतरली आहे.