लेकराचं काम

नरक चतुर्दशीची पहाट. न्हाणीत पाटावर बसवलेलं पाच-सहा वर्षांचं एखादं लेकरू तेल लावून घेताना गप्प असतं. आईचा हात जोर देऊन, सावकाश फिरतो तोवर त्याची तक्रार नसते. उटण्याचा खरखरीत हात लागला की मात्र ते जिवाच्या आकांतानं रडतं, पाट सोडून पळतं. मग नवा कडक सदरा येतो, त्याच्या मानेपाशी टोचणारी कापडी पट्टी असते, आणि तेवढ्यात बोळात लवंगी माळ लागते. लेकरू कान दाबून बाजेखाली शिरतं. घरातलं कुणी म्हणतं हट्टी आहे, कुणी म्हणतं लाडावलंय, आजी मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला बसते. असं लेकरू बीड जिल्ह्यातल्या चकलांब्यात असेल, शेजारच्या उमापुरातही असेल. त्याला हे सारं खरोखर सोसवत नसतं, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

शाळेत आपण पाच ज्ञानेंद्रियं शिकलो. शरीराला आणखी दोन जाणिवा असतात. एक तोलाची, तिचं ठाणं कानाच्या आतल्या भागात असतं आणि डोकं कलतंय, फिरतंय की स्थिर आहे हे ती सांगते. दुसरी स्नायू आणि सांध्यांची. डोळे मिटले तरी आपला हात कुठे आहे हे तिच्यामुळे कळतं. या सगळ्यांकडून येणारी माहिती मेंदू सतत निवडत, जुळवत असतो. काही मुलांच्या बाबतीत ही जुळणी नीट होत नाही. कुणाला हलका स्पर्शही झोंबतो. कुणाला हाक मारली, खांद्याला हात लावला तरी पत्ता नसतो. कुणी दिवसभर उड्या मारतं, भिंतीला धडका देतं, कारण शरीराला तेवढ्या जोराशिवाय स्वतःची खूणच पटत नाही. स्वमग्न मुलांत हे फार दिसतं. २०१३ पासून डॉक्टरांच्या निदानाच्या निकषांतही संवेदनांच्या या कमी-जास्तपणाला जागा मिळाली आहे.

अशा मुलांबरोबर काम करणाऱ्याला ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणतात. त्याच्या उपचाराला मराठीत व्यवसायोपचार असा शब्द आहे. बोलताना सगळे ‘ओटी’च म्हणतात आणि दवाखान्यात त्याचा अर्थ ऑपरेशनची खोली असा लागून आईबाप घाबरतात. व्यवसाय म्हणजे इथे पोटापाण्याचा धंदा नव्हे. माणसाचा दिवस ज्या कामांनी भरतो ती सगळी कामं म्हणजे व्यवसाय. लेकराचं काम म्हणजे खेळणं, जेवणं, चड्डी वर ओढणं, पाटीवर रेघ मारणं, चार पोरांत बसणं. ती कामं अडली की ओटीचं काम सुरू होतं.

ही विद्या आपल्याकडे रुजवली ती महाराष्ट्राच्या एका सुनेनं. १९०० साली अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लुंडी विष्णू निंबकरांशी लग्न करून १९३० मध्ये भारतात आल्या आणि कमला निंबकर झाल्या. चाळिशी उलटल्यावर अमेरिकेत जाऊन त्या ऑक्युपेशनल थेरपी शिकल्या आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिचा अभ्यासक्रम सुरू केला. आशियातला हा पहिला. १९५२ मध्ये या उपचारकांची जागतिक संघटना उभी राहिली, तेव्हा संस्थापक दहा देशांत भारत होता. १९५८ मध्ये नागपूरला दुसरं शिक्षणकेंद्र निघालं. फलटणची ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा त्यांच्याच नावाची. एवढा जुना वारसा महाराष्ट्राच्या हाताशी असून गेवराई तालुक्यातल्या आईच्या कानावर हा शब्द अजून पोचलेला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

ओटी नेमकं करते काय? भाकरीचंच घ्या. एका हातानं भाकर मोडायची तर तीन बोटांनी तुकडा धरायचा, उरलेल्या बोटांनी भाकर दाबून ठेवायची, मनगट स्थिर ठेवून चिमूट वळवायची. मग तो तुकडा कालवणात बुडवून न सांडता तोंडापर्यंत न्यायचा. त्याआधी पाठ ताठ राहायला हवी, नाहीतर एक हात जमिनीवर टेकण्यातच अडकतो. जेवताना सांडणाऱ्या लेकराला आपण ‘नीट जेव’ म्हणतो. ओटी बघते की यातली कोणती कडी तुटली आहे. बोटांत जोर नाही? नजर आणि हात यांचा मेळ नाही? की ओल्या कालवणाचा स्पर्शच नकोसा आहे? प्रत्येकाचा उपाय वेगळा.

शिकवण्याची एक युक्ती मला फार आवडते. सदऱ्याचं बटण शिकवताना सुरुवात शेवटाकडून करायची. आईनं बटण काजात अर्ध्यापर्यंत घालायचं आणि शेवटची ओढ लेकरानं द्यायची. ते जमलं की एक पायरी मागे. त्यामुळे प्रत्येक वेळी काम पूर्ण होतं ते लेकराच्या हातून, आणि ‘मला येत नाही’ असं म्हणून ते पाठ फिरवत नाही.

शहरातल्या केंद्रात झोके, मोठे चेंडू, रंगीत उशा, मऊ गाद्या असतात. हे चित्र बघून खेड्यातला बाप मनातच हिशेब करतो आणि उठतो. पण त्या सामानामागचं तत्त्व ओळखलं तर बरंचसं घरात सापडतं. लुगड्याची झोळी एका लयीत सावकाश हलवली की बहुतेक मुलं निवतात. गरगर फिरवली तर उधळतात. पाण्याची छोटी कळशी दोन्ही हातांनी उचलून आणणं, कणीक तिंबणं, गोधडी गुंडाळणं यात स्नायू-सांध्यांना जोर मिळतो आणि सैरभैर मूल थाऱ्यावर येऊ शकतं. लिहिताना लांब पेन्सिल मुठीत धरणाऱ्या मुलाला खडूचा पेरभर तुकडा द्यावा. मुठीत तो धरताच येत नाही, म्हणून तीन बोटं आपोआप पुढे येतात. ज्वारीत हात खुपसून लपवलेला खडा शोधणं हा छान खेळ आहे, फक्त दाणे नाका-तोंडात घालणारं लेकरू असेल तर मोठ्या माणसानं शेजारून हलू नये. आणि उटणं? ते लावलंच पाहिजे असं नाही. लावायचंच तर आधी सांगून, लेकराच्या स्वतःच्या हातानं, आणि घासण्याऐवजी दाबून. सदऱ्याची पट्टी आधीच कापावी, तो दोनदा धुऊन मऊ करावा.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं, असलेल्या लेकराला आडवं धरून भरवू नये, हे तर दारोदार जाऊन सांगण्यासारखं आहे. अन्न श्वासनलिकेत जातं, ठसका लागतो, छातीत पुन्हा पुन्हा कफ होतो. बसतं करून, पाठीला आधार देऊन, हनुवटी किंचित खाली ठेवून भरवायचं असतं. ते कसं, हे जाणकाराकडून एकदा प्रत्यक्ष पाहून घ्यावं.

इथे एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. संवेदनांच्या जुळणीचा विचार जीन एअर्स या अमेरिकन ओटीनं मांडला. त्यांचं महत्त्वाचं पुस्तक १९७२ चं. पण त्यावर बेतलेल्या उपचाराचे पुरावे उलटसुलट आहेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ मध्ये सांगितलं की असे उपचार करायला हरकत नाही, पण पुरावा मर्यादित आहे हे पालकांना स्पष्ट सांगा. ब्रिटनमध्ये १३८ स्वमग्न मुलांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, नेहमीच्या सेवेपेक्षा त्याचा वेगळा फायदा दिसला नाही. जास्त भक्कम आधार आहे तो वेगळ्या पद्धतीला: एक नेमकं काम ठरवायचं, ते खऱ्या जागी, खऱ्या वस्तूंनी रोज करायचं आणि आईबापांना त्यात तयार करायचं. म्हणून महागड्या खोलीत ‘बरं करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी विचारावं, माझं लेकरू घरी कोणतं काम करायला शिकेल?

खेड्यापाड्याच्या दृष्टीनं ही आशेची गोष्ट आहे. खरं घर, खरी भाकर, खरी न्हाणी चकलांब्यात आहेच. उणीव आहे ती जाणत्या नजरेची.

ती नजर लवकर पडावी म्हणून फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येणं अपेक्षित असतं, आणि तपासणीच्या चार भागांतला एक विकासातल्या विलंबाचा आहे. पुढची पायरी जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे डीईआयसीची. नऊ महिन्यांचं बाळ आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्षाचं चालत नसेल, दोन वर्षांचं दोन शब्द जोडत नसेल, तर ‘याचा बापही उशिराच बोलला’ म्हणून थांबू नये. उत्तर गोव्यासह देशात पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांची सुमारे चार हजार मुलं तपासली गेली; २०१८ मध्ये छापलेल्या त्या पाहणीत, ऐकण्या-बघण्याचे दोष आणि फिट्स धरून, साधारण आठांत एका मुलाला मेंदूच्या विकासाशी निगडित काही ना काही अडचण आढळली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं आधीचे सात प्रकार वाढवून एकवीस केले आणि स्वमग्नता, अध्ययन अक्षमता त्यांत आल्या. दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, काढून ठेवावं.

पण बीड जिल्ह्यात ऊसतोडीसाठी गाव हलतं. मुकादमाची उचल घेतलेली असते; दिवाळीच्या आगेमागे टोळ्या ट्रॅक्टरवर बसून पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. पाच-सहा महिने नवरा-बायकोच्या कोयत्यापाठी संसार उसाच्या फडाजवळच्या कोपीत. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय तरी असते. जे लेकरू स्वतःच्या हातानं जेवत नाही त्याला कोण ठेवून घेणार? ते आजीपाशी राहतं किंवा कोपीत जातं, आणि उपचाराची तारीख मागे राहते. दर आठवड्याला बीडला या, असा सल्ला या घरासाठी निरुपयोगी आहे.

माझं मागणं लहान आहे. टोळी निघण्याआधी आईच्या हातात चित्रांचा एक कागद असावा आणि त्यावर दोनच कामं. एक, जेवताना गोधडीची गुंडाळी पाठीशी लावून बसवायचं. दुसरं, सदऱ्याचं सगळ्यात खालचं बटण, शेवटची ओढ लेकराची. मधे ओटीनं फोनवरून एखादा व्हिडिओ मागवावा आणि बघून आईला सांगावं, बाई, कोपर असं धरा. मग गुढीपाडव्याच्या सुमाराला टोळी परतली की अंगणवाडीताईनं वजन-उंचीच्या आधी विचारावं, “आता खालून कितवं बटण लावतो?”