अनोळखी मोटारीचा ब्रेक

नेहमीची मोटार सफाईने चालविणारा माणूस स्वयंचलित गिअरच्या मोटारीत बसला, की कधीकधी पहिल्याच चौकात सगळ्यांना हिसका बसतो. मागचे वाहन जवळ असेल, तर टक्करच! असे का व्हावे?

या मोटारीत क्लचचे पेडल नसते. डावा पाय मात्र वर्षानुवर्षे क्लच तळापर्यंत दाबायला शिकलेला. सवयीने तो पुढे येतो आणि रुंद ब्रेक-पेडलवर पडतो. तेथे पायाच्या जोडीला हवाही राबते! पेडलमागच्या डब्यात एक पडदा असतो. इंजिन चालू असताना त्याच्या दोन्ही बाजूंचा दाब कमी असतो. पेडल दाबताच एका बाजूस बाहेरची हवा शिरते. पडद्याचा व्यास 20 सेंटिमीटर आणि दाबातील फरक अर्धे वातावरण धरा. हिशेब करा; जोर भरतो सुमारे 160 किलोग्रॅम!

ही मदत मोटारीगणिक कमीजास्त असते. अपेक्षित हिसका आणि प्रत्यक्ष हिसका यांतील फरक पाहून लहान मेंदू पायाचा जोर सुधारीत जातो. म्हणून डावा पाय मागे ओढून, मोकळ्या मैदानात, उजव्याच पायाने सराव करावा.

उभ्या मोटारीत मोठ्या माणसांकडून एक प्रयोग करवून घ्या. हातब्रेक लावून, इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे. ते कडक होईल. आता पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल आपोआप किंचित खाली जाईल.