एक-दोन नव्हे, दोन-एक

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात हरिकेन मिल्स इथे कंट्री संगीताची गायिका लोरेटा लिन हिच्या नावाची रँच आहे. १९८२पासून दर उन्हाळ्यात तिथे हौशी मोटोक्रॉसची, म्हणजे मातीतल्या मोटरसायकल शर्यतींची, राष्ट्रीय स्पर्धा भरते. रिकी कार्मायकल आणि जेम्स स्ट्यूअर्ट यांची नावं पोरवयात इथेच गाजली. आधी एरिया, मग रीजनल अशा दोन चाळण्या पार केलेले रायडर घरच्यांसह आठवडाभर तळ ठोकून राहतात. प्रत्येक गटात सुमारे चाळीस गाड्या उभ्या राहतात. मोटो, म्हणजे शर्यती, तीनच. वर्षभराची मेहनत त्या तीन मोटोंत तोलली जाते.

इथला हिशेब उलटा चालतो. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. बेरीज सर्वांत कमी तो विजेता. बेरीज सारखी झाली तर शेवटच्या मोटोत जो पुढे असेल तो वरचा. म्हणूनच दोन मोटोंच्या स्पर्धेत ‘एक-दोन’ आणणाऱ्याला ‘दोन-एक’ आणणारा मागे टाकतो. दोघांनीही एकेक मोटो जिंकलेली, दोघांची बेरीज तीनच, पण कप दुसऱ्याकडे जातो.

आता एक उदाहरण घेऊ. एका मुलाने पहिल्या दोन मोटो जिंकल्या आणि तिसरीत सुरुवातीला पडून, पुन्हा उठून तो पाचवा आला. बेरीज सात. दुसरा अनुक्रमे तिसरा, दुसरा, दुसरा आला. त्याचीही बेरीज सात, आणि शेवटच्या मोटोत तो पुढे, म्हणून विजेता तो. एकही मोटो न जिंकता! हेच निकाल मोटोजीपीच्या तक्त्यात मांडून पाहा. तिथे पहिल्याला २५, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १६ आणि पाचव्याला ११ गुण मिळतात. पहिल्या मुलाचे ६१ होतात, दुसऱ्याचे ५६. माती तीच, गाड्या त्याच, पोरं तीच, पण विजेता बदलला. तक्ता बनवणाऱ्याने विजयाची किंमत किती धरली, यावर हे सगळं उभं असतं.

त्यामुळे दुसऱ्या मोटोनंतरची संध्याकाळ मला स्पर्धेतली सर्वांत महत्त्वाची वाटते. मेकॅनिक गाडी धुऊन एअर फिल्टर बदलत असतो, आणि शेजारी खुर्चीवर बसलेले वडील कागदावर शक्यता मांडत असतात. तो जिंकला आणि आपण तिसरे आलो तर काय? तो चौथा गेला तर आपल्याला किती पुरे? दुसऱ्या दिवशी रायडरला ट्रॅकच्या कडेने दाखवायच्या पिट बोर्डावर जे दोन-तीन आकडे लिहिले जातात, ते या कागदावरून आलेले असतात. ‘समोरच्याला सोड, जागा राख’ असं सांगणं पंधरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत फार अवघड असतं. हेल्मेटच्या आत त्याला फक्त पुढची गाडी दिसते. जाणता मेकॅनिक म्हणून बोर्डावर जास्त काही लिहीत नाही. कितवा आहेस आणि मागचा किती सेकंदांवर आहे, एवढंच.

मोसमभर चालणाऱ्या क्लबच्या मालिकांमध्ये वेगळाच प्रश्न उभा राहतो. हौशी रायडर स्वतःच्या पगारातून टायर घेतो, गाडी टेम्पोत घालून नेतो आणि सोमवारी कामावर हजर होतो. सहापैकी एखाद्या राउंडला तो जाऊच शकत नाही. कधी बहिणीचं लग्न असतं, कधी इंजिन उघडलेलं असतं, कधी पैसेच नसतात. अशांसाठी काही मालिकांमध्ये सर्वांत वाईट निकाल वगळून उरलेले धरतात. मोटोक्रॉस ऑफ नेशन्स या देशोदेशींच्या संघांच्या स्पर्धेतसुद्धा संघाच्या सहा निकालांपैकी पाचच मोजले जातात.

या वगळण्याने मोठमोठ्यांचं नशीब फिरलं आहे. रोड रेसिंगमधली १९४९ची पहिली जागतिक स्पर्धा घ्या. ५०० सीसी गटात शर्यती सहा आणि धरायचे निकाल फक्त उत्तम तीन. इटलीच्या नेल्लो पगानीचे सगळे मिळून ४० गुण झाले, इंग्लंडच्या लेस्ली ग्रॅहमचे ३१. नियमाने कात्री लावल्यावर ग्रॅहमचे उरले ३० आणि पगानीचे २९. या गटाचा पहिला जगज्जेता ग्रॅहम ठरला. जागतिक पातळीवर, जिथे कारखाना खर्च करतो, तिथे ही कात्री मला अन्यायाची वाटते. पण हौशी मालिकेत ती असायलाच हवी. तिच्याविना चॅम्पियनशिप फक्त त्यांची उरेल, ज्यांना प्रत्येक राउंडची एंट्री फी आणि सुट्टी परवडते.

बरोबरीचे किस्से तर अजून कडू आहेत. १९६७मध्ये माइक हेलवूड दोन गटांत बरोबरीत अडकला. २५० सीसीमध्ये तो आणि फिल रीड दोघेही ५० गुणांवर. हेलवूडचे विजय पाच, रीडचे चार, म्हणून हेलवूड जगज्जेता. ५०० सीसीमध्ये तो आणि जाकोमो आगोस्तिनी ४६वर, विजयही पाच-पाच. मग दुसरे क्रमांक मोजले, आगोस्तिनीचे तीन निघाले आणि हेलवूडचे दोन. ते अजिंक्यपद आगोस्तिनीला मिळालं. पुढच्याच वर्षी यामाहाने १२५ सीसी रीडने आणि २५० सीसी बिल आयव्हीने जिंकायची, असं आपल्या दोघा रायडरना सांगितलं होतं. रीडने १२५ जिंकल्यावर ते मानलं नाही. २५०मध्ये गुण सारखे, विजय सारखे. शेवटी दोघांनीही पूर्ण केलेल्या शर्यतींमधले वेळ बेरजेला घेतले गेले, आणि रीड जगज्जेता झाला. भरधाव गाडीवर बसलेल्या आयव्हीने अशा बेरजेचा विचार कधी केला असेल?

१९९९मध्ये एमिलियो आल्झामोरा एकही शर्यत न जिंकता १२५ सीसीचा जगज्जेता झाला. गुण २२७, शर्यती जिंकणाऱ्या मार्को मेलांड्रीचे २२६. आल्झामोराला कमी लेखणाऱ्यांशी मी सहमत नाही. वर्षभर गाडी शेवटच्या रेषेपर्यंत आणणं हीसुद्धा रायडरची कला आहे, आणि तक्त्याने तिचीच किंमत केली.

रेष ओलांडली की शर्यत संपली, असं प्रेक्षकांना वाटतं. पॅडॉकमध्ये त्यानंतर खरी घालमेल सुरू होते. तात्पुरता निकाल फलकावर लागतो, सगळे मोबाइलवर त्याचा फोटो घेतात, आणि प्रोटेस्टची, म्हणजे निकालावर हरकत घेण्याची, मुदत चालू होते. तिकडे तपासणीत एखाद्याची गाडी नियमात बसली नाही तर तो बाद होतो आणि खालचे सगळे एकेक पायरी वर सरकतात. सातव्याचा सहावा झालेला रायडर कदाचित गाडी टेम्पोत चढवून निघूनही गेलेला असतो, आणि त्याला वाढून मिळालेल्या त्या एका गुणाने चॅम्पियनशिप त्याची झालेली असते. निकालावर अंतिम सही होईपर्यंत कोणी पेढे वाटू नयेत.

नव्या रायडरला मी नेहमी एकच सांगतो. पहिल्या राउंडच्या ब्रीफिंगमध्ये हात वर कर आणि विचार: किती निकाल वगळणार, बरोबरी झाली तर आधी काय मोजणार, आणि हे नियमपुस्तिकेत कुठल्या पानावर आहे. आयोजकाला उत्तर देता आलं नाही, तर ते लेखी मिळेपर्यंत गाडी टेम्पोतून उतरवू नकोस.