सहावीचं व्याकरण गाळावं का?

घरी शिकणारं मूल पाचवीचं व्याकरण संपवतं, सहावीचं पुस्तक उघडतं आणि म्हणतं, "हे तर मला येतंच." पानं चाळताना आईवडिलांनाही तसंच वाटतं. पुन्हा नाम, पुन्हा सर्वनाम, पुन्हा लिंग-वचन. मग थेट सातवीला हात घालायला काय हरकत आहे? शाळेत सगळा वर्ग एकाच धड्यावर असतो, त्यामुळे हा प्रश्न कुणाला पडत नाही. घरी मात्र तो आईबाबांनाच सोडवावा लागतो. तो नुसत्या अंदाजाने सोडवायची गरज नाही, कारण मुलाची खरी तयारी दाखवणाऱ्या जागा मराठी व्याकरणातच आहेत.

आधी घाई कशासाठी आहे ते पाहू. वर्ष वाचेल, ही आशा असेल तर ती सोडून द्यावी. शाळेबाहेरचं मूल शाळेत दाखल झालं, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे त्याला वयानुरूप वर्गात बसवतात. घरी कुठलं पुस्तक संपलंय यावर तो वर्ग ठरत नाही. एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेची, दहावी द्यायला वयाची १४ वर्षं पूर्ण असावी लागतात. त्याआधी त्यांच्या मुक्त मूलभूत शिक्षणात तीनच पातळ्या आहेत, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष. सहावीच्या व्याकरणाचा हिशेब मागायला मध्ये कुणी बसलेलं नाही. म्हणजे गाळण्याची मोकळीक आहे, आणि गाळल्याचं बक्षीस काही नाही. उरतं ते एकच कारण: मूल कंटाळलंय आणि तो वेळ वाचनाला, लेखनाला देता येईल. माझ्या मते एवढं कारण पुरेसं आहे. दहा वर्षांच्या मुलाला येत असलेली गोष्ट महिनोन्‌महिने गिरवायला लावली, तर त्याचं विषयावरचं मनच उडतं.

आता दोन्ही पुस्तकांच्या अनुक्रमणिका शेजारी शेजारी ठेवा. बालभारतीच्या पुस्तकांत व्याकरण धड्यांच्या पोटात विखुरलेलं असतं, म्हणून बरेच पालक जोडीला व्याकरणाचं वेगळं पुस्तक घेतात. कोणतं प्रकरण कोणत्या इयत्तेत, हे प्रकाशकागणिक बदलतं. तेव्हा इयत्तेच्या आकड्यावर न जाता, जे गाळणार त्या पुस्तकात खरोखर नवं काय आहे ते पेन्सिलीने खूण करून पाहा. खुणा थोड्याच होतील. मग प्रत्येक नव्या गोष्टीसाठी पुढच्या पुस्तकात शोधा: ती तिथे पुन्हा सुरुवातीपासून सांगितली आहे, की मुलाला येते असं धरून लेखक पुढे गेला आहे? दुसऱ्या प्रकारची प्रकरणं गाळताना जपायला हवं.

व्याकरणातले काही भाग सुटे असतात. अलंकार, वाक्प्रचार, म्हणी, समानार्थी शब्द कधीही, कोणत्याही क्रमाने शिकता येतात. त्यातला एखादा मागे राहिला म्हणून पुढचं अडत नाही. पण शब्दांच्या जाती, लिंग-वचन, सामान्यरूप आणि विभक्ती, कर्ता-कर्म आणि शेवटी प्रयोग ही साखळी आहे. निर्णय या साखळीवर घ्यायचा.

इथे मराठी घरातल्या पालकांची हमखास फसगत होते. मुलाला गाळलेल्या जागा भरायला देतात: 'आजीने भाकरी ..... (थापणे)'. मूल बिनचूक 'थापली' लिहितं. पानभर उत्तरं बरोबर येतात आणि पाठ पक्का झाला असं वाटतं. प्रत्यक्षात ते उत्तर कानाने दिलेलं असतं. ज्या घरात दिवसभर मराठी कानावर पडते, तिथलं चार वर्षांचं पोरही 'आजीने भाकरी थापला' म्हणत नाही. ही कानाची कमाई अनमोल आहे, फक्त तिच्यावरून व्याकरणाची पातळी ठरत नाही. ज्या घरात मराठी कमी बोलली जाते, तिथे उलटं घडतं: व्याख्या तोंडपाठ, पण कान कच्चा. अशा मुलाला पुस्तक गाळण्यापेक्षा गोष्टी आणि गप्पा यांची गरज जास्त.

म्हणून तपासणी अशी हवी, की नुसत्या कानाने किंवा नुसत्या पाठांतराने भागणार नाही. ती एका बैठकीत उरकू नये, आणि मुलाला मदतही करू नये.

सुरुवात शब्दांच्या जातींपासून. आठ जातींची नावं विचारू नका, ती पाठ असतातच. दोन वाक्यं द्या: 'तो मागे बसला' आणि 'घरामागे विहीर आहे'. 'मागे' दोन्हीकडे आहे. जात एकच का? पहिल्यात तो शब्द बसण्याची जागा सांगतो, म्हणून क्रियाविशेषण. दुसऱ्यात तो 'घर' या नामाला जोडून आला आणि त्यामुळे 'घर'चं 'घरा' झालं, म्हणून शब्दयोगी. हे मुलाने आपल्या शब्दांत सांगितलं, तर शब्दाची जात वाक्यातल्या कामावरून ठरते हे त्याला उमगलंय. 'मागे म्हणजे शब्दयोगी, पुस्तकात यादीत आहे' असं उत्तर आलं, तर अजून उमगायचंय.

सामान्यरूपासाठी वेगळी चाचणी नको. मुलाने स्वतःहून लिहिलेलं काहीही घ्या, मामाला पाठवलेलं पत्र, सहलीचं वर्णन. त्यात 'दुधात', 'फुलाला', 'गरिबाला' कसं लिहिलंय? दूध, फूल, गरीब यांतलं शेवटून दुसरं अक्षर दीर्घ आहे आणि सामान्यरूपात ते ऱ्हस्व होतं. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांतच हे आहे. 'शरीर' मात्र संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, म्हणून 'शरीरात' दीर्घच राहतं. पत्रात सगळीकडे 'दूधात', 'फूलाला' दिसलं, तर मुलाला शब्दाचं रूप बदलताना दिसत नाहीये. त्याच्या लेखी मूळ शब्दाला फक्त शेपूट जोडलंय. एखादी चूक घाईची असू शकते. तीच चूक पानोपानी असली, तर सामान्यरूपाचं प्रकरण गाळू नये.

प्रयोगाला सर्वांत जास्त वेळ द्या, कारण तिथे साखळीतली प्रत्येक कडी लागते. मुलासमोर वाक्य ठेवा: 'आजीने भाकरी थापली.' कर्ता बदलायला सांगा. 'आजोबांनी भाकरी थापली.' क्रियापद हललं नाही. आता कर्म बदलू दे. 'आजीने लाडू वळला', 'आजीने पोळ्या लाटल्या.' क्रियापद कर्माच्या मागे गेलं, हा कर्मणी. पुढचं वाक्य: 'आजीने मांजराला हाकललं.' आजीच्या जागी आजोबा आणा, मांजराच्या जागी मांजरं आणा, 'हाकललं' तसंच राहतं. कर्त्याचंही ऐकत नाही, कर्माचंही नाही, हा भावे. एवढं बहुतेक मुलांना जमतं.

आता खरी कसोटी: 'मी पोळी खाल्ली.' प्रयोग कोणता? "कर्त्याला 'ने' नाही, म्हणजे कर्तरी," हे उत्तर फार वेळा येतं. मुलाला थोडा वेळ द्या. मुलगा बोलो की मुलगी, 'खाल्ली'च राहतं. पोळीच्या जागी लाडू आला की 'खाल्ला' होतं. म्हणजे कर्मणी. 'मी' इथे तृतीयेतच आहे, फक्त त्याला प्रत्यय दिसत नाही. लगेच दुसरं वाक्य द्या: 'ती पाणी प्याली.' भूतकाळ आहे, कर्मही आहे, म्हणून मूल कर्मणीकडे झुकतं. पण 'ती'चा 'तो' केला की 'प्याला' होतं. कर्तरी. ज्याने 'ने दिसला की कर्मणी' एवढंच घोकलंय, ते पहिल्या वाक्यात चुकतं; ज्याने 'भूतकाळ आणि कर्म दिसलं की कर्मणी' घोकलंय, ते दुसऱ्यात. ज्याच्या हाती पद्धत आहे, ते गोंधळतं, मग आपणहून कर्ता बदलून बघतं, कर्म बदलून बघतं आणि उत्तराशी येतं. पहिलं उत्तर चुकलं तरी चालेल. असं बदलून बघणारं मूल दिसलं, की मी तरी मधलं पुस्तक बिनधास्त बाजूला ठेवायला सांगेन.

बहुतेक मुलं अधेमधे असतात: जाती पक्क्या, सामान्यरूप डळमळीत, प्रयोग अर्धा. त्यांच्यासाठी सगळं पुस्तक गाळायचंही नाही आणि सगळं करायचंही नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटचा स्वाध्याय आधी सोडवू दे. तो नीट सुटला की प्रकरण झालं. अडला, तर तेवढं प्रकरण सावकाश शिकवा. अशा रीतीने वर्षाचं पुस्तक काही आठवड्यांत संपतं आणि खाली भोकही राहत नाही.

घरी इंग्रजी व्याकरणाची परदेशी मालिका चालू असेल, तर गाळणं तुलनेने सोपं. त्या मालिकांत नाम, क्रियापद, विरामचिन्हं वर्षामागून वर्षं परत येतात. तरी मुलाची परीक्षा त्याच्या स्वतःच्या लेखनातच घ्यावी. रिकाम्या चौकटीत योग्य शब्द भरणं आणि स्वतःचं लांब वाक्य सरळ उभं करणं यांत फार अंतर आहे.

वरच्या पुस्तकात गेल्यावर पहिला महिनाभर नीट बघत राहा. नव्या संकल्पनेपाशी अडखळणं ठीकच. पण समास शिकवताना मुलाला आधी नाम आणि विशेषण यांतला फरक सांगावा लागत असेल, मिश्र वाक्यात मुख्य वाक्य सापडत नसेल कारण क्रियापदच सापडत नाही, तर खालची कडी सुटली आहे. तेवढंच प्रकरण परत काढा. त्यासाठी गाळलेलं पुस्तक रद्दीत देऊ नका. मुलालाही पुस्तक बदलतानाच सांगून ठेवा, की लागेल तेव्हा आपण ते उघडणार आहोत. आधी सांगितलेलं असलं, की परत जाताना त्याला आपण नापास झालो असं वाटत नाही, आणि तुम्हालाही ते प्रकरण काढायला संकोच होत नाही.